डबल बेल

“इथली माती भुसभुशीत लागतेय,” फौजदार बुटाच्या टोकाने चाचपत म्हणाले. “अलीकडेच कुणीतरी उकरलेली आहे.”

“मीच उकरली,” पडदेवाल्या काकू म्हणाल्या. “टोमॅटोची रोपं लावली होती. हे उपटायचे, मी परत लावायची. हे पुन्हा उपटायचे.”

“का उपटायचे?”

“त्यांनाच ठाऊक. विचारलं की म्हणायचे, भर रस्त्यात उगवलीत, गाडीखाली येतील.”

एका शिपायाने तोंड फिरवून हसू दाबलं. फौजदार हसले नाहीत. त्यांनी मानेनं खूण केली आणि दोघा माणसांनी कुदळी उचलल्या.

काकू मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहिल्या. कुंपणापलीकडे सगळ्या आळीला एकाएकी कपडे वाळत घालायची हुक्की आली होती. एकेक टॉवेल चार चार वेळा झटकला जात होता. मातीचा ढीग वाढू लागला आणि थोड्या वेळाने कुदळ कशावर तरी खणकन वाजली. सगळे थांबले. टॉवेलसुद्धा थांबले.

निघाला तो आमटीचा डाव. त्यामागून एक चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला टीव्हीचा रिमोट.

“अगंबाई, हा डाव मी वर्षभर शोधतेय,” काकूंच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते किती चुकीच्या वेळी आलं हे फौजदारांच्या नजरेवरून त्यांना कळलं. पण हसू काही परत गिळता येत नाही. संध्याकाळच्या आत ते आळीभर झालं. नवऱ्याचा पत्ता नाही, आणि बाईला डाव सापडल्याचा आनंद.

डाव, चष्मा, किल्ल्या, रिमोट याखेरीज त्या जमिनीत काही नव्हतं. पाण्याच्या टाकीतही काही नव्हतं. ती आदल्या आठवड्यात उपसून झाली होती.

काकूंचा पडदे शिवायचा व्यवसाय होता. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांची जाड कापडाची अवजड मशीन होती. ती चालू झाली की शेजारच्या मास्तरीणबाईंच्या कपाटातल्या बश्या किणकिणत. लोकांच्या घरातलं झाकायचं हाच हिचा धंदा, असं काका गमतीनं म्हणत. काका म्हणजे बसचे ड्रायव्हर. गावातली बस चालवता चालवता केस पांढरे झाले, पण गाडीला कधी साधा ओरखडा आला नाही. कंडक्टरची डबल बेल ऐकल्याशिवाय ते गाडी जागची हलवत नसत. एकदा म्हणे कंडक्टर चहा प्यायला उतरला आणि गप्पांत रमला. उतारू ओरडायला लागले, तरी काका स्टिअरिंगवर हात ठेवून स्वस्थ बसून होते. बेल नाही तर गाडी नाही.

निवृत्त झाल्यावर काही वर्षं बरी गेली. मग काका विसरायला लागले. आधी माणसांची नावं गेली, मग वार, मग जेवण झालं की नाही तेही. पण गाडी गेली नाही. दुपार झाली की ते उठून कपडे करत आणि दाराशी जात. “गाडी काढायची वेळ झाली.” एकदा ते पार डेपोपर्यंत पोचले, वॉचमनने ओळखून घरी आणून सोडलं. एकदा कोपऱ्यावरचा सायकलवाला कोपराला धरून घेऊन आला. काकूंनी दाराला कुलूप घातलं तर काका दारावर कपाळ आपटून घेत.

यावर तोड काढली ती लेकीने. ती दूरच्या शहरात नोकरी करायची. एकदा चार दिवस राहायला आली असताना काका दाराशी धडपडू लागले, तेव्हा ती सहज म्हणाली, “बाबा, अजून बेल झाली नाही.”

काकांनी दारावरचा हात काढला. परत येऊन खुर्चीत बसले.

“कंडक्टर कुठाय?” त्यांनी विचारलं.

“तिकिटं फाडतोय. गर्दी आहे.”

“असू दे, असू दे. सावकाश होऊ दे,” काका म्हणाले आणि निवांत बसून राहिले.

मायलेकी एकमेकींकडे बघतच राहिल्या. लहानपणी लेक शाळेतून येताना त्यांच्याच बसमध्ये, त्यांच्या पाठीमागच्या बाकावर बसायची. तिथली गोष्ट तिला बरोबर वेळेला आठवली. त्या दिवसापासून कुलूप सुटलं आणि काकू कंडक्टर झाल्या. काका त्यांना बायको म्हणून ओळखेनासे झाले, तरी कंडक्टर म्हणून ओळखत. “काय कंडक्टर, झाली का तिकिटं?” “नाही हो, अजून मागची राहिलीत.” दिवसातून शंभरदा हेच. काकू मशीनवरून मान वर न करता उत्तर द्यायच्या आणि काका खुर्चीत बसून राहायचे.

आणि मग ती दुपार आली.

एका हॉटेलचे पांढरे पडदे दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. आदली सारी रात्र काका खोल्यांमधून फेऱ्या घालत होते, त्यामुळे काकूंचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी काकांनी चहाचा कप पांढऱ्या कापडावर उपडा केला. काकूंनी कापड धुतलं, फरशी धुतली. काकांना कपडे बदलायला नेलं तर त्यांनी हात झिडकारला. त्यांचं नख काकूंच्या मनगटावर ओढलं गेलं. “कोण तू? सोड मला,” ते म्हणाले. पुन्हा खुर्ची, पुन्हा दार, पुन्हा “झालं का कंडक्टर?” काकूंनी मशीन थांबवली. थांबवली म्हणजे पाय आपोआप थांबला. काका दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे होते, पाठमोरे, वाट बघत.

काकूंच्या हातात कात्री होती. ती त्यांनी मशीनच्या लोखंडी मानेवर वाजवली. दोनदा.

काकांनी मागे वळून बघितलं. चेहरा अगदी उजळला होता. “चला,” ते म्हणाले. दार उघडून बाहेर गेले आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं. फाटकाची करकर काकूंना ऐकू आली. सायकलवाला आणेल परत, नाहीतर वॉचमन आणेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. की ते त्यांनी नंतर मनात आणलं? पुढे हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही. एवढं मात्र खरं की घर शांत झालं, आणि त्या शांततेत त्यांना एकदम गळून गेल्यासारखं झालं. त्या पडद्यांच्या ढिगावरच आडव्या झाल्या आणि त्यांना झोप लागली. किती वर्षांत लागली नव्हती अशी.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. खुर्ची रिकामी होती. त्या दिवशी सायकलवाल्याचं दुकान बंद होतं.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराने विचारलं, “ते गेले तेव्हा तुम्ही काय करत होतात?” काकू म्हणाल्या, “मशीन चालू होती. मला ऐकू आलं नाही.”

एवढंच एक वाक्य. ते त्या ठरवून बोलल्या नव्हत्या, जिभेवर तयारच होतं.

दुसऱ्या दिवशी फौजदारांनी शेजारीपाजारी चौकशी केली. मास्तरीणबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं, आता स्वतः खोटं कशा बोलणार? त्या म्हणाल्या, “त्या दुपारी मशीन बंद होती. बश्या वाजल्या नाहीत, म्हणून मला छान वाचता आलं.”

तिथून सगळं उलटं फिरलं. काकूंची प्रत्येक गोष्ट आता दुसरीच दिसू लागली. फरशी धुतली ती का धुतली? मनगटावर ओरखडा कसला? तक्रार द्यायला इतका उशीर का? पूर्वी एकदा भाजी घेताना त्या कंटाळून बोलल्या होत्या, “आता एकदाचे सुटले तर बरं, तेही आणि मीही.” असं बोलणारी बाई घरोघर असते. पण ते वाक्य कुणीतरी जपून ठेवलं होतं, ते आता फौजदारांपर्यंत पोचलं.

“मशीन चालू होती म्हणालात,” फौजदार विचारत.

“हो.”

“शेजारी म्हणतात बंद होती.”

“थोडा वेळ थांबवली असेल. दोरा तुटतो मधूनमधून.”

“दोरा तुटला. म्हणजे त्या वेळी घरात आवाज नव्हता. मग दार वाजलेलं ऐकू कसं आलं नाही?”

काकू खाली बघत. फौजदारांचा आवाज चढे. बाकावर बसलेले लोक माना वळवत. आणि एक गोष्ट काकूंनी कुणालाच सांगितली नाही, ती ही की फौजदार रागावले म्हणजे त्यांना बरं वाटे. घरी येणारे समजूत घालत, “तुम्ही किती केलंत हो त्यांचं.” ते ऐकताना अंगावर पाल पडल्यासारखं होई. ठाण्यातल्या त्या लाकडी बाकावर मात्र कुणी त्यांना चांगलं म्हणत नसे. पुन्हा कधी येऊ, असं त्या स्वतःच विचारून जात. त्यामुळे संशय आणखी वाढला. निर्दोष माणूस का असा हजेरी लावतो?

लेक तक्रारीच्या दुसऱ्याच दिवशी आली होती. तिने फोटो छापून घेतले, भिंतीभिंतीवर चिकटवले, डेपो, दवाखाने, नदीकाठ पालथा घातला. आईवर कुणी बोट दाखवलं की ती भांडायला उठे. मास्तरीणबाईंशी तर तिने बोलणंच टाकलं. पण निघायच्या दिवशी, पिशवी भरता भरता, तिने आईकडे न बघता विचारलं,

“आई, बाबा बेलशिवाय गेले कसे?”

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. “विसरले असतील,” त्या म्हणाल्या. “सगळंच विसरत होते.”

“ते नव्हते विसरत.”

“आता काय सांगू तुला? त्या दिवशी विसरले.”

लेकीने पिशवीची चेन लावली, आईला नमस्कार केला आणि गेली. पोलिसांनी जमीन खणली, टाकी उपसली, पण हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता. तो विचारणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्याला काकूंनी खोटं सांगितलं होतं.

महिने गेले. भिंतीवरचे फोटो उन्हाने पिवळे पडले. लेकीचे फोन येत, पण “जेवलीस का” आणि “औषध घेतलंस का” यापुढे गाडी सरकत नसे. पडद्यांची कामं कमी झाली. जे कापड घेऊन येत ते दारातूनच पुढच्या खोलीत डोकावून बघत. काकांची खुर्ची काकूंनी हलवली नव्हती. एकदा एक गिऱ्हाईक बाई नकळत तिच्यावर बसल्या आणि ध्यानात आल्यावर चटका बसल्यासारख्या उठल्या.

एके दिवशी सकाळी काकू न बोलावता ठाण्यात गेल्या. फौजदार एकटेच होते, चष्मा पुसत बसले होते.

“बसा बाई. आज काय?”

“आज सांगायला आलेय,” काकू म्हणाल्या.

फौजदारांनी चष्मा घातला. दार लोटून घेतलं. काकूंनी सगळं सांगितलं. बेलचा उपाय, पांढरे पडदे, कात्री, झोप. सांगताना रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आलं नाही. दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं त्या सांगत गेल्या.

फौजदारांनी जुन्या जबाबाचा कागद पुढ्यात ओढला.

“म्हणजे तुम्ही दार उघडलं नाहीत.”

“नाही.”

“त्यांना हात लावला नाहीत. जा म्हणाला नाहीत.”

“जाच म्हणाले की. त्यांच्या भाषेत म्हणाले.”

फौजदारांनी टेबलावर बोटं वाजवली आणि मग एकदम ती मिटून घेतली. “बाई, तुम्ही खून केलात असं मला वाटत होतं. कुठे पुरलंत ते शोधत होतो मी. आता तुम्ही हे सांगताय. जबाब बदलून घेतो, वरिष्ठांना कळवतो. पण खरं सांगू? कात्री वाजवली म्हणून तुम्हाला कोण कोर्टात उभं करणार?”

“मग माझं काय?”

“तुमचं काय म्हणजे? घरी जा.”

काकू उठल्या नाहीत. इतके महिने ज्या शिक्षेची त्यांनी वाट बघितली होती ती यांच्या हातात नव्हतीच, हे ध्यानात यायला त्यांना वेळ लागला. त्या बसलेल्या बघून फौजदारांचा आवाज खाली आला.

“मुलीला सांगितलंत?”

“नाही.”

“ती मला फोन करते. दर आठवड्याला. बाबांचं काही कळलं का असं विचारत नाही आताशा. आई काही बोलली का, असं विचारते.”

काकू त्याच दुपारच्या गाडीने लेकीच्या गावी गेल्या.

लेक नुकती कामावरून आली होती. आईला दारात बघून तिने घाबरून विचारलं, “बाबा सापडले?” काकूंनी नकारार्थी मान हलवली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पाणीही न पिता, त्यांनी सांगायला सुरुवात केली. कात्रीपाशी आल्यावर लेक म्हणाली, “मला माहीत होतं.”

“मला वाटलंच, तुला माहीत असणार.”

“मग? वाजवलीस. पुढे काय केलंस? मागे गेलीस ना?”

“नाही.”

“फाटकापर्यंत तरी?”

“नाही गं. झोपले मी.”

लेक आईकडे बघत राहिली. “झोपलीस?”

“हो.”

“लागली झोप?”

काकूंना इथे खोटं बोलता आलं असतं. पडून होते, तळमळत होते, असं म्हटलं असतं तर लेकीने विश्वास ठेवला असता, तिला तो ठेवायचाच होता. “चांगली लागली,” त्या म्हणाल्या.

लेक उठून आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. जावई येऊन दोघींच्या मधल्या दाराशी उभे राहिले, काय झालं ते न कळून पुन्हा बाहेर गेले. अंधार पडल्यावर लेक बाहेर आली, तिने आईला जेवायला वाढलं, गादी घातली, उशाशी पाण्याचं भांडं ठेवलं. सगळं केलं, पण एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात बसवताना म्हणाली, “पोचलीस की मेसेज कर.” त्यानंतर तिचे फोन थांबले. काकूंनीही केले नाहीत. एवढं तिला द्यायलाच हवं, असं त्यांना वाटे.

मास्तरीणबाईंनी एकदा भिंतीपलीकडून विचारलं, “लेक आली नाही हो बऱ्याच दिवसांत?” काकू म्हणाल्या, “माझ्यावर रागावलीय. तिचं बरोबर आहे.” एवढं बोलून त्या मशीनवर बसल्या. मास्तरीणबाईंच्या बश्या किणकिणू लागल्या.

वर्ष उलटलं. मग फौजदारांचा फोन आला. दोन गावं पलीकडच्या सरकारी इस्पितळात एक वयस्कर गृहस्थ वारले होते. रस्त्याकडेला पडलेले सापडले, आठवडाभर बेशुद्ध होते, नाव-गाव काही नाही. उंची, वय जुळत होतं. ओळख पटवायला यावं लागेल.

काकू पोचल्या तेव्हा लेक आधीच आली होती. फौजदारांनी तिलाही कळवलं होतं. लांबलचक बोळाच्या टोकाला बाकावर बसली होती, केस नीट विंचरलेले नव्हते. आईला बघून ती उभी राहिली आणि बाकावर थोडी सरकून पुन्हा बसली. जागा झाली होती, पण बसायला वेळच मिळाला नाही. आतून बोलावणं आलं.

खोली गार होती. तिथल्या कर्मचाऱ्याने चादर चेहऱ्यावरून खाली ओढली.

म्हातारा माणूस होता. गालफडं बसलेली, पांढरी दाढी वाढलेली. काका नव्हते. काकूंना ते पहिल्याच नजरेत कळलं, तरी त्या बघत राहिल्या. लेकीने तोंडावर हात धरला होता. तिच्या घशातून एक विचित्र आवाज आला. सुटकेचा होता की दुसरा कसला, तिलाही सांगता आलं नसतं.

“नाही,” काकू म्हणाल्या. “हे आमचे नव्हेत.”

“नक्की?”

“नक्की.”

कर्मचाऱ्याने कागदावर खूण केली आणि चादर पुन्हा वर ओढली. चादर आखूड होती. चेहरा झाकला तशी पावलं उघडी पडली. फुटलेल्या टाचा, अंगठ्याला बांधलेली चिठ्ठी, बोटांच्या बेचक्यांत अजून रस्त्याची धूळ. फार चालून आलेली पावलं होती ती.

“यांना बघायला कुणी आलं होतं का?” काकूंनी विचारलं.

“तुम्हीच पहिल्या,” कर्मचारी म्हणाला.

लेक दारापर्यंत गेली होती. “आई, चल,” ती म्हणाली. स्वतःच्या घरून रिक्षात बसवून दिल्यापासून आईला उद्देशून बोललेला तिचा हा पहिला शब्द.

काकूंनी अंगावरची शाल काढली. तिची दुहेरी घडी केली, त्या पावलांवर टाकली आणि एका बाजूने, उघडी पडू नयेत म्हणून, खाली नीट खोचली. दुसऱ्या बाजूला जायला टेबल आणि भिंत यांच्यामध्ये जागा अरुंद होती. त्या वळून पलीकडे जाऊ लागल्या, तोवर लेक दारातून परत आली होती. अंग चोरून ती त्या फटीत शिरली, शालीचं दुसरं टोक सारखं केलं आणि तिच्या बाजूने खोचलं.

कर्मचारी अवघडून म्हणाला, “शाल परत मिळणार नाही बरं का.”

“असू दे,” लेक म्हणाली.